फुगवा, फवारा आणि राहायला या!

शाळेत हस्तकलेच्या तासाला हा उद्योग बहुतेकांनी केलेला असतो. फुगा फुगवायचा, त्यावर जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे खळीनं चिकटवायचे, रात्रभर वाळू द्यायचं आणि सकाळी टाचणी लावायची. फट्! फुगा गेला, कवच उरलं. कुणाचा मुखवटा झाला, कुणाचा आकाशकंदील, कुणाचा नुसताच लगदा.

आता कागदाऐवजी सळया घ्या, खळीऐवजी सिमेंट घ्या, आणि फुगा एवढा घ्या की आत बैलगाडी आरामात वळेल. काँक्रीट घट्ट झालं की हवा सोडा, दार कापा, बिऱ्हाड आणा. गंमत नाही ही. गेली ऐंशीहून अधिक वर्षं जगात अशी घरं, शाळा, गोदामं आणि वादळात लपायच्या जागा बांधल्या जात आहेत.

याचं खरं कारण आपल्याकडच्या कुठल्याही मिस्त्रीला एका वाक्यात समजेल: सेंट्रिंग वाचतं. सपाट स्लॅब टाकायचा तरी खाली फळ्या, पत्रे आणि टेकूंचं जंगल उभं राहतं. घुमटाला तर प्रत्येक फळी वाकडी कापावी लागते आणि काम झालं की ती दुसरीकडे चालत नाही. म्हणजे घुमट बांधायचा तर आधी लाकडाचा एक घुमट बांधा, मग त्यावर काँक्रीटचा, मग पहिला मोडून टाका! त्यापेक्षा सेंट्रिंगच हवेचं केलं तर? हवा फुकट मिळते, खिळे मागत नाही आणि काम झालं की मुकाट निघून जाते.

हवेच्या सेंट्रिंगच्याच या काही गमतीजमती.

दाढी करताना सुचलेलं घर

वॉलेस नेफ हे कॅलिफोर्नियातले बड्या लोकांचे वास्तुरचनाकार. हॉलिवूडच्या नटनट्यांचे स्पॅनिश थाटाचे बंगले ही त्यांची खासियत. मेरी पिकफोर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या मूकपटांच्या जमान्यातल्या जोडीच्या ‘पिकफेअर’ या गाजलेल्या हवेलीवरही त्यांचा हात फिरला होता. किस्सा असा सांगतात, की १९३४ साली एका सकाळी दाढी करताना त्यांना साबणाचा एक बुडबुडा दिसला. बोट लावलं तरी फुटेना. एवढ्याशा पातळ पापुद्र्यात हा ताठपणा येतो कुठून, या विचारात दाढी बाजूला राहिली आणि घर डोक्यात शिरलं.

आपल्याकडे बुडबुडा म्हटला की क्षणभंगुर संसार आठवतो. नेफ यांना त्यात पक्कं घर दिसलं.

पहिली वसाहत, पहिली टिंगल

१९४१ साली व्हर्जिनियातल्या फॉल्स चर्च इथे नेफ यांच्या पद्धतीची पहिली घरं उभी राहिली. युद्धाचे दिवस, लाकूड आणि लोखंड महाग, म्हणून सरकारलाही या प्रकारात रस होता. पद्धत अगदी सोपी. आधी गोल जोतं घालायचं. त्यावर रबराच्या कापडाचा मोठा फुगा घट्ट बांधून फुगवायचा. त्यावरून जाळी अंथरायची आणि वरून सिमेंटचा फवारा मारायचा. थर सुकला की हवा सोडायची आणि फुगा घडी घालून दारातून बाहेर ओढायचा. मग चला पुढच्या जोत्यावर!

फुगे बनवायला टायरवाली गुडइयर कंपनी होती. काही घरं एका फुग्याची, काही दोन फुग्यांची. दोन फुग्यांचं घर म्हणजे मधल्या भागानं जोडलेले दोन घुमट, एकात बैठक आणि दुसऱ्यात झोपायची खोली. शेजारच्यांनी बारसं लगेच उरकलं: ‘इग्लू’.

पेंढा भरणाऱ्याची तोफ

फुग्यावर सिमेंट थापायला घमेलं आणि थापी घेऊन माणूस चढवला तर फुगा दबणार. सिमेंट उडवलंच पाहिजे. ते उडवणारी बंदूक शोधली ती कुणा इंजिनिअरनं नाही, तर मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणाऱ्या कलावंतानं!

कार्ल एकली शिकागोच्या फील्ड संग्रहालयात हत्ती-हरणांचे देखावे मांडायचे. संग्रहालयाच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीचे पोपडे निघत होते. १९०७ च्या सुमारास एकली यांनी त्यासाठी एक यंत्र जुळवलं. कोरडं सिमेंट आणि वाळू हवेच्या जोरावर नळीतून यायची, तोंडाशी पाणी मिसळायचं आणि मिश्रण थेट भिंतीवर आदळायचं. १९११ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. यातूनच ‘गनाइट’ हा शब्द आला आणि पुढे ‘शॉटक्रीट’. बोगद्याच्या आतल्या भिंतीवर दिसणारा खडबडीत करडा थर हा त्याच बंदुकीचा वंशज.

जाता जाता: याच एकलींनी १८९६ मध्ये आफ्रिकेच्या दौऱ्यात अंगावर आलेला बिबट्या नुसत्या हातांनी मारला होता. अशा माणसाच्या हातात सिमेंटची बंदूक शोभून दिसते!

तोंडाच्या फुंकरीइतका दाब

‘काँक्रीट उचलायचं म्हणजे केवढा दाब लागत असेल!’ असं आपल्याला वाटतं. चला, हिशेब करू.

१० सेंटीमीटर जाडीच्या ओल्या काँक्रीटचं वजन एका चौरस मीटरला सुमारे २४० किलो. ते तोलायला हवेचा दाब किती लागेल? २४ सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या थराइतका, म्हणजे पाण्याचे दोन पेले एकावर एक ठेवले तर होईल तेवढा. स्कूटरच्या टायरमध्ये साधारण २८ पीएसआय हवा भरतात. इथे काम भागतं ०.३५ पीएसआयमध्ये, म्हणजे टायरच्या ऐंशीव्या हिश्शात. डॉक्टरांच्या रक्तदाबाच्या पट्टीवर मोजाल तर काटा अठराच्या आसपास. एवढा दाब निरोगी माणूस तोंडानं फुंकूनही आणतो. फक्त एवढ्या मोठ्या फुग्यात तेवढी हवा भरायला त्याची फुप्फुसं पुरणार नाहीत, म्हणून पंखे लावायचे.

मग जोर येतो कुठून? क्षेत्रफळातून. १२ मीटर व्यासाच्या गोल जोत्याचं क्षेत्रफळ ११३ चौरस मीटर. प्रत्येक चौरस मीटरमागे २४० किलो, म्हणजे एकूण २७ टन. दहा टनी तीन ट्रक जवळजवळ भरतील एवढं वजन तरंगत ठेवायला दोन पेले पाण्याचा दाब! थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण भौतिकशास्त्रातही चालते.

दाराला शंभर किलोचा धक्का

हीच गंमत उलट्या बाजूनं अंगाशी येते. समजा, फुगलेल्या कापडाच्या आत माणसं काम करत आहेत आणि आतला दाब आहे फक्त ५ सेंटीमीटर पाण्याइतका. एक मीटर रुंद, दोन मीटर उंच दारावर तेवढ्यानंही आतून शंभर किलोचा रेटा बसतो. कडी काढली की दार तोंडावर! म्हणून अशा कामावर दोन दारांची छोटी खोली असते. बाहेरचं दार उघडून आत या, ते लावा, मगच आतलं उघडा. दोन्ही एकदम उघडली तर सेंट्रिंगच दारातून पळून जाईल.

टेनिसपटूचा चमत्कार

नेफ फुगा आधी फुगवायचे, काँक्रीट मग फवारायचे. इटलीच्या दांते बिनी यांनी हा क्रमच उलटा केला. काँक्रीट आधी सपाट ओता आणि मग खालून हवा भरून सगळंच्या सगळं ओल्या अवस्थेत उचला!

१९३२ साली जन्मलेले बिनी थंडीच्या दिवसांत हवेनं फुगवलेल्या तंबूत टेनिस खेळायचे. एवढा मोठा तंबू नुसत्या हवेवर उभा राहतो, तर हवेकडून आणखी काम का घेऊ नये, असं त्यांच्या मनात आलं. १९६४ मध्ये बोलोन्याजवळ त्यांनी १२ मीटर व्यासाचा पहिला घुमट उठवला. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या आवारात जाहीर प्रात्यक्षिक केलं, तेव्हा दोन तासांच्या आसपास घुमट उभा. आपल्याकडे तेवढ्या वेळात मिक्सरवाला येतो, चहा होतो आणि ‘वाळू कमी पडली’ असं कळतं.

ओलं काँक्रीट घसरत का नाही?

हा खरा प्रश्न. पुरणपोळी तव्यावर टम्म फुगते तशी जमीन फुगू लागली, तर वरचा ओला रेंदा कडेला ओघळायला हवा. बिनी यांची युक्ती स्प्रिंगमध्ये होती. सपाट अंथरलेल्या रबरी चादरीवर लांबलचक स्प्रिंगांची जाळी ताणायची आणि त्यांच्या वेटोळ्यांतून सळया ओवायच्या. काँक्रीट ओतून वर दुसरी चादर घालायची. खालून हवा भरली की चादर ताणते, स्प्रिंगाही ताणतात, सळया आपापल्या अंतरावर सरकतात आणि स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत अडकलेलं काँक्रीट जागच्या जागी राहतं. घुमट पूर्ण उठला की वरून दोरांनी व्हायब्रेटर फिरवून काँक्रीट घट्ट बसवायचं. पुढचं काम ओळखीचं: थांबा, घट्ट होऊ द्या, हवा सोडा आणि हवी तिथे दारं-खिडक्या कापा.

या ‘बिनिशेल’ची पुढे जगभर हजारावर कामं झाली. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यानं शाळांची सभागृहं आणि ग्रंथालयं अशीच बांधून घेतली.

दिग्दर्शकाचा आणि आयर्न मॅनचा घुमट

सार्डिनिया बेटावर कोस्टा पॅराडिसो इथे समुद्राकडे तोंड केलेला एक जुना बिनिशेल आहे. तो बिनी यांनी दिग्दर्शक मायकेलअँजेलो अँटोनिओनी आणि अभिनेत्री मोनिका व्हिट्टी यांच्यासाठी बांधला होता. ‘ला कूपोला’, म्हणजे सरळ ‘घुमट’, हे त्याचं नाव.

पुढच्या पिढीत बिनी यांचे चिरंजीव निकोलो यांनी कॅलिफोर्नियात मालिबूला रॉबर्ट डाउनी ज्युनिअर यांचं घर याच घराण्यातल्या पद्धतीनं बांधलं. पडद्यावर आयर्न मॅन होऊन लोखंडी चिलखतात वावरणारा माणूस घरी हवेनं उचललेल्या छताखाली राहतो!

बैलगाडीची धाव आणि घुमटाची कंबर

हवा आतून सगळीकडे सारखी रेटते, म्हणून फुग्याचं कापड सगळीकडे ताणलेलं असतं. काँक्रीटचं नेमकं उलटं आहे. त्याला ताण सोसत नाही, दाब मात्र कितीही द्या. घुमटाचा आकार स्वतःचं वजन दाबाच्या वाटेनं खाली नेतो, म्हणून पातळ कवचही उभं राहतं.

पण एक मेख आहे. पूर्ण अर्धगोलात शिखरापासून सुमारे ५२ अंश खाली आलं की गोष्ट बदलते. त्याखालचा भाग बाहेर पसरू पाहतो. तिथे आडव्या सळयांची कडी घालावीच लागतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव का बसवतात? चाक उलू नये म्हणून. घुमटाच्या कंबरेतल्या सळया म्हणजे ही धावच.

गोलघुमट विरुद्ध बटाट्याची वखार

शहाजीराजे ज्या दरबारात सरदार होते, त्या मुहम्मद आदिलशहाची कबर म्हणजे विजापूरचा गोलघुमट, १६५६ चा. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आणि तळाशी जाडी जवळजवळ ३ मीटर. सळई नाही, त्यामुळे पसरणारा घुमट जागेवर ठेवायला गवंड्यांनी कमानींची अफलातून गुंफण केली आणि बाकी काम निव्वळ वजनावर सोडलं.

आता १९७६ मध्ये या. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात शेली नावाचं गाव आहे. तिथे डेव्हिड साउथ आणि त्यांच्या भावांनी बटाटे साठवायला ३२ मीटर व्यासाचा घुमट बांधला. गोलघुमटापेक्षा फार लहान नाही, पण काँक्रीटची जाडी इंचांत मोजायची! एकाच्या पोटात बादशहा, दुसऱ्याच्या पोटात बटाटे. आदिलशहाच्या गवंड्यांना एक सळईचा गठ्ठा आणि एक पंखा मिळाला असता, तर विजापूरचं चित्र काही वेगळंच झालं असतं.

आतून बांधलेलं घर

साउथ बंधूंची पद्धत ‘मोनोलिथिक डोम’ म्हणून ओळखली जाते आणि तिच्यात नेफ यांचा क्रम आतबाहेर झालेला आहे. फुगा इथे बाहेरून राहतो. माणसं दोन दारांच्या खोलीतून फुग्याच्या आत शिरतात. आधी कापडाच्या आतल्या बाजूवर फेसासारखं पॉलियुरेथेन फवारतात. ते फुगतं, कडक होतं आणि पुढे उष्णताही अडवतं. त्यातच सळया अडकवायचे आकडे बसवलेले असतात. सळया बांधून झाल्या की आतून काँक्रीटचे पातळ पातळ थर फवारायचे. शेवटी पंखे बंद. फुगा काढायचाच नाही, तोच बाहेरचा रेनकोट!

याचे तीन फायदे. बाहेर पाऊस असो की बर्फ, आत काम चालू. फेसाचा जाड थर काँक्रीटच्या बाहेर, त्यामुळे बाहेरचं ऊन आत पोचायला वेळ लागतो. आणि काँक्रीट आतल्या बाजूला, त्यामुळे आतला गारवा ते धरून ठेवतं.

इटली ते इटली

बिनी इटलीचे. साउथ यांच्या कंपनीचं मुख्यालयही इटलीत! फक्त ही इटली टेक्सासमधली, महामार्गाच्या कडेचं एक छोटं गाव. तिथे घुमटांची एक रांग सुरवंटासारखी रंगवलेली आहे. नाव ‘ब्रूको’, म्हणजे इटालियन भाषेत सुरवंटच. आत काय चालतं? घुमटांचे फुगे शिवले जातात. सुरवंटाच्या पोटात पुढच्या जन्माची तयारी, असं रूपक इतकं फुकट कुठे मिळत नाही.

फळीच्या तोफेची परीक्षा

अमेरिकेत टोर्नेडो आला की माणसं मरतात ती बहुधा वाऱ्यानं नाही, वाऱ्यावर उडालेल्या वस्तूंनी. म्हणून तिथल्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, म्हणजे फेमाच्या निकषांत टोर्नेडोसाठीच्या सुरक्षित खोलीची कसोटी भन्नाट आहे. सुमारे ७ किलो वजनाचा लाकडी वासा तोफेतून ताशी १६० किलोमीटर वेगानं भिंतीवर मारायचा. आरपार गेला तर खोली नापास. सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यात ताशी ४०० किलोमीटरच्या वाऱ्याचा विचार करून रचना करावी लागते.

घुमटाला वारा धरायला कोपरा मिळत नाही, वळचण मिळत नाही, उचकटायला पत्रा मिळत नाही. टेक्सासमध्ये एडनासारख्या गावांत शाळांनी सरकारी अनुदानातून असे घुमट बांधले. रोज तिथे बास्केटबॉल, वादळाच्या दिवशी तिथेच अख्खं गाव.

फ्लोरिडाच्या पेन्साकोला बीचवर समुद्राला खेटून एक पांढरंशुभ्र घुमटघर आहे. २००४ च्या सप्टेंबरमध्ये ‘आयव्हन’ वादळ आलं, तेव्हा एका वृत्तवाहिनीच्या मंडळींनी त्यातच मुक्काम ठोकून बातम्या दिल्या. खालच्या मजल्यावरचं लाटांनी नेलं. ते मुद्दाम वाहून जावं असंच बांधलं होतं. वरचा घुमट जागच्या जागी.

टेलिटबीजचं गाव

२७ मे २००६ च्या पहाटे इंडोनेशियात जावा बेटावर भूकंप झाला. ५,७०० हून अधिक माणसं गेली. योग्यकार्ताजवळ, प्रंबानन मंदिरांच्या बाजूला, न्गलेपेन वाडीची जमीनच खचली. वाडी दुसरीकडे वसवताना ‘डोम्स फॉर द वर्ल्ड’ या संस्थेनं फुग्यांवर ७१ घरं बांधली. घर साधारण ७ मीटर व्यासाचं, वर छोटासा माळा. तसंच एक मशीद आणि सामाईक न्हाणीघरं, तीही घुमटाचीच. फुगे तेच ते. एका घराची हवा सुटली की पुढच्या जोत्यावर स्वारी.

हिरव्या रानात ओळीनं पांढरे घुमट पाहून लोकांना मुलांच्या दूरदर्शन मालिकेतली ठेंगणी पात्रं आठवली आणि गावाचं नाव पडलं ‘टेलिटबीजचं गाव’. आता पर्यटक तिकडे फोटो काढायला जातात. गावकऱ्यांनी मात्र एक दुरुस्ती लगेच केली. घराच्या मागे स्वयंपाकघराची चौकोनी पडवी काढली. चुलीला कोपरा लागतो!

हे वाचताना मराठी माणसाला किल्लारीचा भूकंप आठवल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे माणसं मेली ती जाड दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. भूकंपात घर जेवढं जड, तेवढा त्याला बसणारा हिसका मोठा. पातळ, एकसंध, सळयांनी विणलेलं कवच इथेच जिंकतं. त्यात निखळायला दगडच नसतो.

पिशवीतलं घर

हाड मोडल्यावर डॉक्टर प्लास्टरची पट्टी पाण्यात बुडवून गुंडाळतात. लंडनमध्ये शिकणाऱ्या पीटर ब्रूइन आणि विल्यम क्रॉफर्ड या दोन तरुणांनी २००० च्या दशकात याच युक्तीचा तंबू केला. कापडाच्या विणीतच कोरडं सिमेंट भरलेलं. तंबू उलगडा, आतला फुगा पंख्यानं फुगवा, वरून पाणी मारा. २४ तासांत कडक पक्की खोली तयार! उभारायला दोन माणसं आणि तासाभराचा वेळ.

गंमत अशी, की संकटात सापडलेल्यांसाठी काढलेलं हे ‘काँक्रीटचं कापड’ आज तंबूंपेक्षा जास्त चर आणि पाटांच्या अस्तरासाठी खपतं. घर बांधायला निघालं आणि गटारात रमलं.

सिमेंट नाही? बर्फ घ्या!

जपानच्या होक्काइडो बेटावर सुतोमू कोकावा या अभियंत्यानं फुग्यावर दोऱ्यांची जाळी टाकली आणि वरून बर्फ नि पाणी फवारलं. गोठलं की फुगा काढून घ्यायचा. क्युरिंगची भानगड नाही, उलट थंडी जितकी कडक तितकं काम चोख!

२०१४ मध्ये नेदरलँड्सच्या आइंडहोवनच्या विद्यार्थ्यांनी फिनलंडमधल्या युका गावात बर्फात लाकडाचा भुसा मिसळून ३० मीटर रुंदीचा घुमट केला. भुशामुळे बर्फ तडकत नाही. शेणात भुसा कालवून भिंती लिंपणाऱ्या आपल्या आजीला हे कुणी शिकवावं लागलं नसतं.

संत्र्याची साल, उलटी

संत्र्याची साल फोडी पाडून काढली की टेबलावर सपाट पसरते. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात हे उलटं चालवून पाहिलं. आधी जमिनीवर पाकळ्यांच्या आकारात सपाट काँक्रीट टाकून पूर्ण कडक होऊ दिलं. मग खालून हवेची उशी फुगवली आणि कडेनं दोर आवळला. पाकळ्या वर वळल्या, कडा एकमेकींना मिळाल्या आणि २०१४ मध्ये सुमारे तीन मीटर उंचीचं कवच दोनेक तासांत तयार झालं. कडक काँक्रीट वाकलं? वाकलं. बारीक भेगा पडल्या, पण आकार धरल्यावर कवच भक्कम.

वीस टक्के फुकट

गोल घराचा हिशेब कागदावर करून पाहा. १० मीटर व्यासाच्या अर्धगोलाचं कवच १५७ चौरस मीटर. तेवढ्याच जमिनीवर, तेवढीच हवा मावेल असं चौकोनी घर बांधलं, तर भिंती आणि छत मिळून सुमारे १९७ चौरस मीटर. म्हणजे गोलाला वीस टक्के कमी बांधकाम, वीस टक्के कमी रंग, आणि ऊन लागायलाही तेवढीच कमी जागा.

मग आपण सगळे घुमटात का राहत नाही?

कारण कपाट!

आईच्या लग्नातलं गोदरेजचं कपाट कुठे टेकवणार? भिंत मागे झुकलेली. मागे उरलेल्या फटीत पाल आणि हरवलेले मोजे. पलंग, ओटा, दिवाण, देव्हारा, सगळ्या वस्तू काटकोनात जन्मलेल्या. भिंतीवर आजोबांचा फोटो टांगला तर आजोबा खाली पाहू लागतात.

दुसरं कारण आवाज. गोलघुमटात एका कडेची कुजबुज दुसऱ्या कडेला ऐकू येते म्हणून आपण तिकीट काढून जातो. तीच करामत घरात असेल तर सासूसुनांनी काय करायचं?

तिसरं कारण, घाईचं काम घाई दाखवतं. काँक्रीटला भेग पडली की पाणी झिरपतं, आणि छत-भिंत एकच असल्यानं पत्रा बदलून भागत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या पिटवॉटर हायस्कूलचा बिनिशेल १९८६ मध्ये कोसळला. हवा सेंट्रिंग करते, पण जाडी नीट पडली का, सळया जागेवर आहेत का, हे पाहायचं काम माणसाचंच. फॉल्स चर्चची ती इग्लूंची वसाहतही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाडली गेली.

बुडबुडा कुठे गेला?

नेफ यांचा सगळ्यात मोठा चाहता निघाला दूर आफ्रिकेत. १९५० च्या सुमारास सेनेगलच्या डाकारमध्ये त्यांच्या पद्धतीची सुमारे १,२०० घरं उभी राहिली. त्यांतली काही अजून आहेत, पण ओळखायला नजर लागते. राहणाऱ्यांनी पुढे खोली काढली, मागे पडवी काढली, बाजूला कुंपणाची भिंत घातली. सगळ्या काटकोनांच्या मधोमध एक टक्कल तेवढं चमकतं. जावातल्या गावकऱ्यांनी केलं तेच. माणूस घुमट स्वीकारतो, पण कोपरे आपले आपण आणतो.

आणि अमेरिकेत? सगळीकडचे पडत गेले, एक उरला. कॅलिफोर्नियात पॅसाडेना इथे नेफ यांनी १९४६ मध्ये आपल्या भावासाठी एक बुडबुडा बांधला होता. हजारेक चौरस फुटांचा, बाहेरून साधा पांढरा. पुढे उतारवयात नेफ स्वतः त्यात राहायला गेले. आयुष्यभर नटनट्यांना कौलारू हवेल्या बांधून देणारा माणूस शेवटी स्वतःसाठी निवडून निवडून निवडतो काय, तर दाढी करताना सुचलेलं घर.

फुगा केव्हाच काढून नेला होता. कवच अजून उभं आहे.